बोटीच्या बॅटऱ्या

"ट्रॅक्टरची दे शरणबसप्पा, एका दणक्यात चालू हुती," म्हणत रामलिंगनी काउंटरवरच्या चकचकीत बॅटरीवर थाप मारली.

मागं उभ्या असलेल्या दैवशालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोट चालवायची सुनेनं आणि बॅटरी निवडायची सासऱ्यानं, ज्यानं त्या मोटारीच्या बटणाला आजवर हातसुद्धा लावला नव्हता.

"मामा, ट्रॅक्टरला एकदाच दणका लागतो. बोटीला अर्धा तास टिकणारा दम लागतोय," ती म्हणाली. "अप्पा, इन्व्हर्टरला लावतेत तसली उंच दाखवा. दोन."

शरणबसप्पा मुरुम गावातला बॅटऱ्यांचा जुना दुकानदार. तो हसला आणि उत्तर रामलिंगना दिलं, "सूनबाईला कळतंय की, अण्णा." जणू सूनबाई दुकानात नव्हतीच.

गाव तलावाच्या अलीकडं, हायस्कूल पलीकडं. मधे ही बोट, म्हणजे दोन लांब लोखंडी पिंपं, वर फळ्या आणि मागं बॅटरीवरची मोटार. चार वर्षं दैवशालानं ती चालवली, एक दिवस खाडा नाही. आणि गेल्या सोमवारी सात पोरी घेऊन निघाली, तर भर पाण्यात मोटार बंद. वारा सांडव्याकडं ढकलत होता आणि सांडव्यावरून पाणी धो धो पडत होतं. तिनं बसायची फळी उचकटली आणि वल्हवत वल्हवत बोट काठाला आणली. तळहाताची सालटी निघाली. त्या सातांत तिची समृद्धीही होती, दहावीतली.

त्याचं बक्षीस काय मिळालं? पारावर बैठक बसली, आणि खुद्द रामलिंग उठून म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की हयगय व्हायचीच." बोट गावातल्याच धनाजी नावाच्या पोराच्या ताब्यात द्यायची असं ठरत आलं. तो शिकेपर्यंत पोरींनी घरी बसायचं. पोरी घरी बसल्या की पुन्हा बाहेर पडत नाहीत, लगेच पाहुणे बघायला यायला लागतात, हे दैवशालाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचंही तसंच झालं होतं. आज संध्याकाळी शेवटची बैठक होती.

"जुन्या आणल्यात न्हवं? बघू तरी कशानं गेल्या," शरणबसप्पा म्हणाला. "दोन वर्षांत जायाचा माल न्हाय हा."

"कशानं म्हंजे? हिनं येळंवर पाणी घातलं नसंल," रामलिंग म्हणाले.

दैवशालानं दात आवळले. दर महिन्याला विकतच्या कॅनमधलं बॅटरीचं पाणी ती मोजून घालत होती. पोरीला औषध पाजताना एवढी काळजी घेतली नसेल.

शरणबसप्पानं एकेक बूच फिरवून काढलं. काचेची नळी आत घातली, रबरी फुगा दाबून सोडला. नळीत पाणी चढलं ते पिवळं. त्यानं नळी दारातल्या उजेडात धरली. तळाला तीन दाणे होते, तांदळाचे, काळपट पडलेले.

"ही हळद हाय," तो म्हणाला. "आन् ह्या अक्षता. बॅटरीच्या आत पूजा कुणी केली हो?"

रामलिंग रस्त्याकडं बघायला लागले.

दैवशालाला खंडेनवमी आठवली. बोटीची पूजा होती. ती बुचं काढून ठेवून कॅन आणायला घरी गेली होती. परत आली तर सगळी भोकं काठोकाठ भरलेली. "घातलं म्या पाणी, तू फुलं घे," असं मामा म्हणाले होते, आणि तिनं मुकाट्यानं फुलं घेतली होती.

"कलशातलं हुतं," रामलिंग पुटपुटले. "देवीदेवीआईचं तीर्थ. म्हटलं, पाणी कमी दिसतंय. तीर्थानं काय वाईट हुतंय?"

"सात पोरी सांडव्यावर निघाल्या हुत्या, मामा." तिचा आवाज चढला नाही, पण शरणबसप्पा दोन पावलं मागं सरकला. "आन् चारचौघांत नाव माझं घेतलं तुमी. तवा ध्यानात न्हवतं तुमच्या?"

"बोलून खाली बसलो, तवा आलं ध्यानात."

"मग पुन्हा उठायचं हुतं."

रामलिंग काउंटरकडं वळले. "शरणबसप्पा, ती झाकण न उघडणारी मिळती बघ, तसली दे. आत कुणी हातच घालायला नको."

"तसली न्हाय. बुचाचीच द्या," दैवशाला म्हणाली. "पाणी म्याच घालणार. आन् बोट बी म्याच चालवणार."

शरणबसप्पानं या वेळी रामलिंगकडं बघितलं नाही. "बरं ताई," म्हणत त्यानं दोन उंच बॅटऱ्या पुढं ओढल्या.

दैवशालानं ते तीन दाणे जुन्या पावतीच्या कागदावर काढून घेतले आणि दारातल्या रांजणाच्या पाण्यानं दोनदा धुतले.

"मामा, हात करा."

सवयच ती. रामलिंगनी उजवा हात पुढं केला, खाली डावा लावून, देवळात करतात तसा. तिनं दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

"मिटा मूठ. पारावर गेल्यावर सगळ्यांफुडं उघडायची. म्या एक शबुद बोलणार न्हाय. बोलायचं तुमी."

टेंपोत बॅटऱ्या चढवताना रामलिंगनी डावाच हात लावला. उजव्याची मूठ मिटलेली होती.