लांब ओळ

शिक्षिका होऊ पाहणाऱ्या समीक्षाला पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत लहान मुलावर पडताळून उद्या कॉलेजात सांगायचा होता. पियाजे म्हणतो, वस्तू तेवढ्याच असल्या तरी त्या पसरून मांडल्या की लहान मुलांना जास्त वाटतात. पण तासगावातल्या आधीच्या दोन पोरांनी उत्तर द्यायच्या आतच बेदाणे खाऊन टाकले होते. आता सगळी मदार साडेचार वर्षांच्या शिवन्यावर होती.

समीक्षाने शिवन्याच्या घरी जाऊन फरशीवर सहा-सहा बेदाण्यांच्या दोन ओळी मांडल्या. एक दाटीने, एक पसरून.

"कुठल्या ओळीत जास्त आहेत गं?"

"ह्या लांबडीत."

समीक्षाचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास. आता तुला हवी ती ओळ खा."

शिवन्याने आखूड ओळ पुढ्यात ओढली.

समीक्षा गडबडली. सिद्धांत हातचा जातो की काय, असं तिला वाटलं.

"अगं, लांब ओळीत जास्त आहेत म्हणालीस ना? मग ती का नाही घेतलीस?"

 

"ती तुमाला, ताई. घरी आलेल्याला जास्त द्यायचं असतंय."