एका छर्ऱ्यात खलास

कोंबड्यांचा दाणा फस्त करणारी कबुतरं मारायला छर्ऱ्याची बंदूक हवी म्हणून सत्त्याण्णव साली आमचा अरबाब, म्हणजे शेताचा मालक, मला शारजाच्या दुकानात घेऊन गेला. गावी मी नावाजलेला शिकारी होतो, अशी थाप मीच मारली होती. दुकानदाराने हलकी बंदूक दाखवली. "बारीक छर्ऱ्याने पाखरू मरत नाही, दिवसभर तडफडतं. पाप लागतं," मी म्हणालो. "जोरदार बंदूक, जाड छर्रा, डोक्यात एकच. खलास!" अरबाब खूश. "मग सोमवारी तूच मार." "सोमवार शंकराचा, अरबाब. जीव मारत नाही." "मंगळवारी?" "गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा." "शुक्रवारी?" "सुट्टी." "बुधवारी? रविवारी?" मी खिशातलं घडी घातलेलं मराठी कॅलेंडर उघडलं. "उद्यापासून श्रावण. महिनाभर सगळंच बंद." अरबाबने बंदूक दुकानदाराकडे सरकवली. "हबीबी, याच्या कॅलेंडरमधून आरपार जाईल असा छर्रा दाखव."