सासूबाईंचा चष्मा

"भाऊजी, आईचा चष्मा मुद्दाम लपवलाय मी. हार घातलेला ताईचा फोटो दिसला तर ती जगायची नाही," मेहुणा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. बायको गणपतीत वारली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई तिला रोज हाका मारायच्या आणि "ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीय," असं मला सांगावं लागायचं. माझ्याच घरात मला रडायची चोरी होती.

मी चष्मेवाल्याला घरी आणून नंबर काढून घेतला, नवा चष्मा केला. मेहुण्यासमोरच तो सासूबाईंना घातला. म्हणालो, "बघा."

भिंतीवरच्या फोटोकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग लेकाकडे वळल्या.

"मेल्या, माझी लेक गेली आणि दसऱ्याला मला श्रीखंड भरवलंस?"