सासूची बोलणी

१९५८ साली बोटीवर नोकरीला असलेल्या विश्रामने नॉर्वेची इंग्रिड बायको करून आणली आणि तिला तारकर्लीत आईपाशी ठेवून तो परत गेला.

या घरात काहीच नुसतं फेकून द्यायचं नसे. केळीची सालं म्हशीला, करवंट्या चुलीत, चुलीतली राख भांडी घासायला. इंग्रिडचं रोज काहीतरी चुकायचं.

"कितके येळा सांगू गो तुका? माशांचा पाणी माडाक घालूचा," सासू सुभद्राबाई कडाडायची. इंग्रिड वैतागून रडायची.

पावसाळा सरता सरता तिचं चुकणं थांबलं. सासूला बोलायला कारण उरलं नाही आणि दोघींना एकमेकींशी दुसरं काही बोलताच येत नव्हतं. दिवसच्या दिवस घर गप्प राहिलं.



शेवटी एका सकाळी इंग्रिडने केळीचं साल सासूसमोर, सावकाश, राखेत टाकलं.