मांडीवरचं हेल्मेट

शिट्टी वाजली तेव्हा हेल्मेट नेहमीप्रमाणे माझ्या मांडीवर होतं. पोलीस दिसले की यांनी ते डोक्यावर चढवायचं, तोवर मागे बसून मी सांभाळायचं. केस चपटे होतात म्हणे. आज यांना उशिरा दिसले. गाडी थांबली, हेल्मेट द्यायला मी खाली उतरले आणि यांनी तेवढ्यात गाडी दामटली. मागे बायको आहे की नाही, बघितलंसुद्धा नाही.

तरण्या कॉन्स्टेबलनं लगेच बुलेटला किक मारली. "आत्ता आणतो धरून."

हवालदारांनी किल्लीच काढून घेतली. "डोकं उघडं आहे त्याचं. तू पाठी लागलास की तो मागे बघत पळणार, आणि पुढे उसाचे ट्रॅक्टर चाललेत."

"मग सोडून द्यायचं? उद्या सगळेच पळतील."

दोघांची जुंपली. बघे जमले. कुणी म्हणे धरा, कुणी म्हणे जाऊ द्या मरू द्या. ज्याची बायको रस्त्यात उभी होती, तिला मात्र कुणी विचारेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी कुठे आहे, कशी आहे, काही नाही. यांनी दबक्या आवाजात विचारलं, "पोलीस गेले का गं?"

"केव्हाच गेले," हवालदारांकडे बघत मी म्हटलं. "या मला न्यायला. पण सावकाश या, हेल्मेट माझ्याकडे आहे."

फोन ठेवून मी कॉन्स्टेबलकडे वळले. "बसा आता. येतायत ते. आले की मात्र सोडायचं नाही."