बिनबॅटरीचा कंट्रोलर

डोंबिवलीतलं व्हिडिओ गेमचं दुकान आज संध्याकाळी कायमचं बंद होणार होतं. कंपनीला सोनल आणि नायजेल या दोन्ही कर्मचाऱ्यांचे राजीनामे हवे होते, म्हणजे नुकसानभरपाई टळणार होती.

"बारा वर्षं राबले इथे. सही नाही करणार, काढायचं तर काढा म्हणावं," सोनलने काउंटरवरचा कागद दूर सारला.

नायजेल कंट्रोलरमधल्या बॅटऱ्या काढून ते खोक्यात भरत होता. बॅटरी काढलेला एक कंट्रोलर थरथरू लागला. वैतागून त्याने तो उचलला आणि बटण दाबलं.

सोनलने पेन उचललं.

"काय गं, एवढ्यात गार पडलीस?"

"नायजेल, मी नाही उचललं रे."

त्याने कंट्रोलर खोक्यात फेकला. तिथे बटण आपोआप आत गेलं.

सोनलचा हात सही करू लागला.