पाहुण्याची बहीण

चादरीचं एक टोक मावशीच्या हातात होतं आणि दुसरं मुक्याच्या, तेवढ्यात मास्तर एका परक्या बाईला घेऊन लाँड्रीच्या दारात आले.

"मावशी, ह्या बाई फार लांबून आल्यात. आपल्या पाहुण्याची बहीण."

चादरीची घडी घालायची म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, ताणायची, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. मायलेकांचं हे इतक्या वर्षांचं काम, डोळे मिटूनही झालं असतं. त्या दिवशी मात्र मुक्याच्या हातून टोक सुटलं.

"लाजला गडी," मास्तर हसले. "केस पिकले तरी लाजतोय."

मावशीने चादर उचलून छातीशी धरली. "परत धुवावी लागणार," एवढंच म्हणाली.

पाहुणा कोण, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात शत्रूची विमानं आली, त्यांनी अर्धी गल्ली पाडली, आणि त्यातलं एक जळत जळत लाँड्रीमागच्या माळावर कोसळलं. मावशी आणि तिचा मुलगा तेव्हा गावात नवे होते. गाठोडीसुद्धा सुटली नव्हती. गाव तळघरांतून बाहेर यायला उजाडलं. लोक काठ्या घेऊन माळावर गेले, तर मावशी मेलेल्या वैमानिकाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. विशीही न ओलांडलेलं पोर. तोंड राहिलं नव्हतं; गळ्यातल्या बिल्ल्यावरून नाव कळलं.

"ओढ्यात फेका त्याला," कुणी तरी म्हणालं.

"कुणाच्या तरी पोटचा आहे," मावशी म्हणाली. "हात लावाल तर बघा."

तिने एकटीने त्याला अंघोळ घातली. त्याचा गणवेश धुतला, निखाऱ्याच्या इस्त्रीने कडक केला आणि परत अंगावर चढवला. तिचा स्वतःचा मुलगा आत पडून होता, तोंडाला पट्ट्या. पुढे पट्ट्या सुटल्या, पण वाचा आली नाही. डॉक्टर म्हणाले, धसका घेतलाय. ज्याच्या बॉम्बने लेकाची वाचा नेली त्याच्यासाठी ही बाई रडते, हे पाहून गाव खाली मान घालून घरी गेलं. पाहुणा हे नावही गावानेच ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी मायलेक थडग्यावर फुलं घेऊन जात. मावशी पाहुण्याशी गप्पा मारत बसायची. थंडी वाढली रे. बंब गळतोय रे. मुका चार हात लांब, टोपी काढून उभा.

त्या दुपारी बाई वाफेने भरलेल्या खोलीत बसून बोलत राहिली. मास्तर मधे दुभाषी. दोरीवरच्या चादरी हलत होत्या; बाईचा चेहरा त्यांच्या आड जायचा, पुन्हा दिसायचा. सांगत होती, भाऊ गेला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तो तिला छपरावर न्यायचा. दोघं पाठीवर पडायची आणि तो ढगांना नातेवाइकांची नावं द्यायचा. तो लठ्ठ काका, ती रडकी आत्या. एवढंच तिला आठवत होतं. तेही खरं की स्वप्नातलं, सांगता येत नव्हतं.

"आमच्या आईने मरेपर्यंत दाराला आतून कडी लावली नाही," ती म्हणाली. "त्याला तिच्या शेजारी ठेवायचंय. परवानगी मिळालीय. उद्या सकाळी खणायला माणसं येतील."

मावशीने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"नेऊ नका त्याला."

"का?"

"त्याला इथली सवय झालीय."

"मावशी, मेलेल्याला कसली सवय?" मास्तर म्हणाले.

"जिवंतपणी तुम्हाला कसली लागलीय ते संध्याकाळी गाव बघतंच. तुम्ही सांगा तिला."

मास्तरांनी मुकाट्याने सांगितलं. बाईने मावशीचा हात हातात घेतला.

"तुमचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. पण तुमचा मुलगा तुमच्यापाशी आहे ना? माझा भाऊ मला द्या."

मावशीने मुक्याकडे पाहिलं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

सकाळी धुकं इतकं होतं की झाडं जमिनीवर टेकलेली नाहीत असं वाटावं. गाव जमलं होतं. मावशी थडग्यावर बसून होती.

"उठा हो मावशी," खणणाऱ्यांतला थोरला म्हणाला. "आमची कंबर आधीच गेलीय, तुम्हाला उचलायला लावू नका."

"मग मलाही पुरा इथेच. दुसरा खड्डा खणायचे कष्ट वाचतील."

शेवटी बाईच पुढे झाली. तिने मावशीला बगलेत हात घालून उठवलं. वाळलेल्या कपड्यासारखी हलकी झाली होती म्हातारी. बाई स्वतः रडत होती, पण मागे हटली नाही.

कुदळ पडली. ओली ढेकळं निघाली. मावशी गवतात बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपत "माझं बाळ, माझं बाळ" म्हणू लागली.

"दुसऱ्याच्या लेकरावर किती ही माया," मागे एक बाई पुटपुटली.

तेव्हा मुका गर्दीतून पुढे आला. त्याने खणणाऱ्याच्या हातातली कुदळ धरली आणि खाली ठेवली. मावशी मान हलवत राहिली, नको, नको. तो परक्या बाईसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला. मास्तर भाषांतर करायला सरसावले आणि तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. मुका बाईच्या भाषेत बोलत होता. मास्तरांसारखी पुस्तकातून जमवलेली नाही, आईच्या मांडीवर आलेली.

"छोटी, थांबव त्यांना," तो म्हणाला. "खाली हिचा मुलगा आहे."